वाचून दाखवलेली पुस्तकं

व्यंकटभावजी गेल्याची बातमी मला एका बस कंडक्टरने दिली. हुमनाबादहून बीदरला येणारी सकाळची बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी कधी थांबत नाही. त्या दिवशी थांबली. मी अंगणात उशांच्या खोळी वाळत घालत होते. गळ्यात तिकिटांची पिशवी तशीच लटकत असलेला कंडक्टर फाटकाशी आला आणि म्हणाला, "अक्का, अण्णा गेले बघा. काल हुमनाबादच्या दवाखान्यात नेलं होतं... सकाळी गेले." मी विचारलं, "कोण अण्णा?" भावजी दोन दिवसांपूर्वी हुमनाबादकडे गेले होते ते चांगले धडधाकट, त्यामुळे मला खरोखरच उलगडा झाला नव्हता. "आपले व्यंकटअण्णा की," तो म्हणाला, "फर्माईशवाले." गल्लीच्या तोंडाशी भरलेली बस उभी होती आणि आतून कुणीही चला म्हणालं नाही. मी त्याला पाणी दिलं. बस गेल्यावर राहिलेल्या खोळी दोरीवर घातल्या. काय करावं ते सुचत नव्हतं, म्हणून हातातलं काम पुरं केलं.

त्याला आता काही आठवडे झाले. नातवंडांनो, मध्यंतरी तुमच्या आईने फोनवर सांगितलं की तुम्ही विचारता, रेडिओआजोबा नक्की काय करायचे? तुम्ही एका उन्हाळ्यात इथे आला होतात तेव्हा हे नाव तुम्हीच व्यंकटभावजींना ठेवलंत. इतक्या लांबच्या फोनवर, खरखरीतून, मला ते सांगता आलं नाही. म्हणून क्रमाने लिहून काढते. हे पेपरच्या पुरवणीतही जाणार आहे, तिच्या वाचकांनीही वाचावं, कारण त्यांतल्या पुष्कळांनी भावजींची पुस्तकं वाचलेली असतील, पण ती कशी लिहिली गेली हे त्यांना ठाऊक नसेल.

ते माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते शाळेत जात होते. छप्पन साली आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला आणि घरातली कर्ती माणसं कन्नड शिकायला बसली. तुमचे आजोबा महसूल खात्यात, त्यांना खात्याची परीक्षा द्यायची होती. ते ओसरीत बसून अक्षरं गिरवायचे. भावजी मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्यावरच्या हॉटेलात बसून रेकॉर्डी ऐकत कन्नड शिकले आणि आजोबांच्या आधी बोलायला लागले. "दादा, तू परीक्षेला बस, मी बाजारात बसतो," असं म्हणायचे. पुढे ते हैदराबादच्या एका मराठी दैनिकाचे वार्ताहर झाले. पाऊस, अपघात, बाजारभाव, मंत्र्यांचे दौरे, सगळं इमानाने लिहून पाठवायचे. पण त्यात त्यांचं मन नव्हतं. लग्न त्यांनी केलं नाही. आमच्या बाहेरच्या खोलीत राहायचे. लोकांच्या लग्नांत मात्र इतके हिंडले की माझ्या सासूबाई म्हणायच्या, "व्यंकट्या, एवढ्या वराती बघतोस, एखादीत घोड्यावर बसला असतास तर काय बिघडलं असतं?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "घोड्यावर बसलं की बँड मागं पडतो आई, नीट ऐकू येत न्हाई."

त्यांनी तीन पुस्तकं लिहिली. पहिलं हॉटेलातल्या रेकॉर्डींवर, दुसरं लग्नाच्या बँडवर, तिसरं कॅसेटींवर. ज्या गाण्यांना शिकलेली माणसं बाजारी म्हणतात, ती आपल्या भागात कोण ऐकतं, कुठे ऐकतं आणि ती ऐकताना त्यांच्या जगण्यात काय बदलतं, एवढाच त्यांचा विषय होता. मला आठवतं, तुमच्या आईने परदेशातून लिहिलं होतं की तिथल्या दुकानांत पॉप संगीतावरच्या पुस्तकांची कपाटंच्या कपाटं असतात. मी ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा भावजी म्हणाले, "वैनी, तुम्ही इंग्रजी शिकवता. पॉप म्हणजे काय ओ?" मी म्हटलं, "लोकांना आवडतं ते." "मग आपलं काय निराळं हाय? लोक न्हाईत का आपल्याकडं?" आजोबांना मात्र या सगळ्याची थोडी लाजच वाटायची. कचेरीतल्या साहेबाने विचारलं होतं, तुमचे बंधू लेखक आहेत म्हणे, काय लिहितात? आजोबा म्हणाले, "संगीतावर." घरी येऊन भावजींना म्हणाले, "यापुढं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगणार. कोणतं संगीत, ते तुझं तू बघ."

पहिल्या पुस्तकाचं हॉटेल मी पाहिलेलं आहे. हैदराबादहून मुंबईकडे जाणारे ट्रक तिथे थांबत. मालकाने रेकॉर्ड लावायचं यंत्र आणून छपरावर कर्णा बसवला होता. चहा सांगणाऱ्या ड्रायव्हरला एक गाणं मागता यायचं, त्याला फर्माईश म्हणत. तेलुगू ड्रायव्हर काय मागतो, पंजाबी काय मागतो, सासरी चाललेली मुलगी बसमधून न उतरता खिडकीतून काय सांगून पाठवते, कोणत्या गाण्याला भजी तळणारा माणूस झारा हवेत धरून थांबतो... हे भावजी वर्षानुवर्षं बघत राहिले. प्रत्येक कंडक्टरला विचारायचे, "काय रे, या हप्त्यात काय वाजायलंय?" म्हणून ते फर्माईशवाले.

लिहून झालं की त्यांचा एक नेम असे. ज्याच्यावर लिहिलं त्याच्या दारात जायचं, त्याच्या घरच्या माणसांसमोर बसायचं आणि सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं. तो जे काढा म्हणेल ते काढायचं. हॉटेलमालकाने सगळं पुस्तक मान डोलावून ऐकलं, आणि शेवटी म्हणाला, "व्यंकटअण्णा, गाण्याचं काय बी लिवा. पण माझा चहा पाणचट हाय असं लिवलंय, ते काढा. उद्या कोण येईल इथं?" भावजींनी ते काढलं आणि त्या जागी लिहिलं की चहा गरम होता. मालक म्हणाला, "हां. हे खरं हाय."

हा नेम कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नवे वार्ताहर असताना त्यांनी जत्रेतल्या तंबूच्या सिनेमावर एक गमतीदार लेख लिहिला होता. त्यात दारावर तिकिटं फाडणाऱ्या माणसाची दारूवरून थट्टा होती. त्या माणसाला वाचता येत नव्हतं. न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी तो लेख मोठ्याने वाचला, सगळे हसले, आणि आपलं नाव पेपरात आलंय एवढंच कळल्यामुळे तोही सगळ्यांबरोबर हसत राहिला. भावजी तिथेच खुर्चीत, गालाला साबण लावून बसलेले होते. "वैनी, ज्याला वाचता येत न्हाई, त्याच्या पाठीमागं लिवायचं न्हाई," ते म्हणाले. बस, इतकंच.

त्यांची छापखान्याची प्रत मी करायची. माझं अक्षर बरं होतं आणि शाळेतून आल्यावर मला तेवढा वेळ असायचा. लिहिताना माणसांची बोली मी नकळत सरळ करून टाकायची. 'न्हाई'चं 'नाही', 'कामून'चं 'का'. भावजी दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा होतं तसं करायचे आणि म्हणायचे, "तुमचं मराठी इस्त्रीचं हाय वैनी. ही माणसं इस्त्रीची न्हाईत, चुरगळलेली बी न्हाईत. धुतलेली हायत, एवढंच." अशा रीतीने दुसरं पुस्तक, म्हणजे बँडचं, माझ्या हाताखालून पानापानाने गेलं, आणि त्यातल्या एका वाक्यापाशी सगळं येऊन अडलं.

त्या वाक्याआधी दोन माणसांची ओळख करून देते. एक काशिनाथ मास्तर. मन्नाएखेळ्ळीला त्यांचा बँड होता आणि स्वतः ते क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, मिशीला तेल. बीदर आणि गुलबर्गा या दोन्ही जिल्ह्यांत त्यांच्यासारखी वरात कुणी काढत नसे, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. दुसऱ्या मंठाळच्या कौसल्याबाई. बौद्ध वस्तीत राहायच्या. थोडी शेती, नवरा लवकर गेलेला, एक मुलगी सुजाता, ती तेव्हा बसवकल्याणला शिक्षिकेचा अभ्यासक्रम करत होती. कौसल्याबाईंचे सासरे, ज्यांना सगळी वस्ती अप्पा म्हणायची, हे तरुणपणी गावच्या लग्नांत आणि सणांत वाजवायचे. छप्पन सालानंतर त्यांनी धर्म बदलला आणि गावकीची सगळी कामं सोडली, त्यात हे वाजवणंही सोडलं. भावजी मंठाळला वस्तीतल्या लाउडस्पीकरवरची गाणी टिपायला गेले होते. तिथे कौसल्याबाईंनी त्यांना सांगितलं की मास्तरांचा बँड गावभर फिरतो, पण वस्तीच्या तोंडाशी चिंच आहे तिथून माघारी वळतो. आत कधी आला नाही.

त्यावरून भावजींनी ते वाक्य लिहिलं होतं: आपल्या भागातल्या लग्नांत लाउडस्पीकर आणि रेकॉर्डी सगळ्यांच्या आधी बौद्ध वस्त्यांत वाजल्या, कारण बँड तिथे जात नव्हता. लोक समजत होते की नवं यंत्र आधी पैसेवाल्यांकडे आलं. भावजी गावोगाव विचारत हिंडले आणि त्यांना उलटं दिसलं. लातूरचे प्रकाशक म्हणाले, या एका वाक्यावर तुमचं सगळं पुस्तक उभं आहे.

कौसल्याबाईंच्या अंगणात वाचन झालं तेव्हा त्यांनी एकच शब्द काढायला लावला. "'बिचाऱ्या वस्तीला' कामून लिवलंय? आमी वाजवायचं सोडलं ते आपल्या मनानं सोडलं. मग आमच्यासाठी कुणी वाजवंना. तर आमी लाउडस्पीकर आणला. यात बिचारं काय हाय?" भावजींनी तिथल्या तिथे तो शब्द खोडला. "अन् बाकीचं?" त्यांनी विचारलं. "बाकीचं ऱ्हाऊ द्या. पण ते काढलंत, तर मला बी काढा पुस्तकातून."

मास्तरांच्या अंगणात झालेल्या वाचनाला मी हजर होते. तुमच्या आईचं लग्न ठरलं होतं आणि बँडची सुपारी द्यायला मी भावजींबरोबर मन्नाएखेळ्ळीला गेले होते. आमच्याकडे बँड ठरवायचा म्हणजे घरचं माणूस ताटात सुपारी घेऊन जातं. मास्तरांनी ती कपाळाला लावून कोटाच्या खिशात टाकली की शब्द पक्का. आमची सुपारी त्यांनी खिशात टाकली, मला बसायला खुर्ची दिली, आणि पितळी वाद्यं चिंचेने घासता घासता भावजींचं वाचन ऐकू लागले. आपल्या कोटाचं वर्णन आलं तेव्हा ते पुन्हा वाचायला लावलं. मग ते वाक्य आलं. मास्तरांचा हात थांबला.

"हे काढा."

"कोणतं, मास्तर?"

"ते 'कारण'च्या फुडचं. गाण्याचं पुस्तक लिवायलाव की पंचनामा?"

"खोटं हाय का?"

"खोटं हाय असं मी कुठं म्हणलो? खरं हाय म्हणून काय बी लिवायचं का? माझी बायको घोरती, ते बी खरं हाय. लिवणार?"

आतून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "आधी तुमचं लिवा म्हणावं! गल्ली उठती सगळी."

आम्ही हसलो, मास्तरही हसले, पण लगेच गंभीर झाले. "अण्णा, सुपारी ज्याची, रस्ता त्याचा. पाटील म्हणला चिंचेपासून वळा, वळलो. त्या वस्तीतून मला कुणी सुपारी दिलीच न्हाई, तर मी न्हाई कधी म्हणलो?"

"दिली तर?"

मास्तरांनी चिंचेचा गोळा खाली ठेवला. "छापून आलं की कायम ऱ्हातं," ते म्हणाले. "मी मेल्यावर बी माझा बँड त्या चिंचेपासून वळत ऱ्हाणार. ते काढा, अण्णा."

परतीच्या बसमध्ये मी भावजींना म्हटलं, आता काय? ते म्हणाले, "मास्तर म्हणाले तर काढायचं. नेम हाय." "आणि पुस्तक?" "मग पुस्तक न्हाई, वैनी. त्या वाक्याबिगर छापलं तर लग्नातल्या गमतीजमती होतील. अन् मास्तरला न विचारता छापलं तर..." मला वाटतं, न्हाव्याचं दुकान त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असावं. मी त्यांचा सगळा लेखनकाळ पाहिला आहे. त्या बसमध्ये होते तितके खचलेले ते मला पुन्हा कधी दिसले नाहीत.

सुजाताचं लग्नही त्याच हंगामात होतं. भावजी मंठाळला गेले आणि मास्तर काय म्हणाले ते जसंच्या तसं त्यांनी कौसल्याबाईंना सांगितलं. तो त्यांचा स्वभावच होता, इकडचं तिकडे सांगताना काही कमी-जास्त करायचे नाहीत. कौसल्याबाई उसळल्याच. "आमी कामून जावं त्याच्या दारात सुपारी घेऊन? आमचा लाउडस्पीकर बरा हाय. तो वळत न्हाई." पण सुजाता म्हणाली, "आई, मला बँड पाहिजे." "कशाला ग? गाणी तीच अन् तीच." "मला लाल कोट आवडतो," सुजाता म्हणाली, "अन् न्हाई म्हणायचं असलं तर त्यानं माझ्या तोंडावर म्हणावं." हे मला पुढे सुजातानेच हसत हसत सांगितलं, ती आता गुलबर्ग्याला शिकवते.

मायलेकी ताट घेऊन मन्नाएखेळ्ळीला गेल्या. भावजी मुद्दाम गेले नाहीत. "मी गेलो तर ते माझं तोंड बघून सुपारी घेतील," म्हणाले. मास्तरांनी त्यांना बसा म्हटलं, लग्नाची तारीख विचारली. सुपारीला मात्र हात लावला नाही. "ठेवा तिथं," म्हणाले आणि ओट्याकडे बोट दाखवलं. होही म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मायलेकी ताट ओट्यावर ठेवून परत आल्या. आमच्या घरचं लग्न मध्ये झालं, मास्तरांनी तुमच्या आईची वरात अशी वाजवली की आजोबासुद्धा दोन पावलं नाचले. (हे मी लिहिलेलं त्यांना आवडणार नाही.) मास्तर जेवायला भावजींच्या शेजारीच बसले, पण त्या दुसऱ्या सुपारीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, आणि भावजींनी विचारलं नाही.

सुजाताच्या लग्नाला मी आणि भावजी मंठाळला गेलो. कौसल्याबाईंनी लाउडस्पीकर सांगून ठेवला होता. "भरवसा कुणी धरावा?" म्हणाल्या. ऊन कलल्यावर वरातीची वेळ झाली, नवरामुलगा तयार होऊन बसला, लाउडस्पीकरवाला तारा जोडू लागला. भावजी चिंचेखाली उभे होते. जाऊन बसा म्हटलं तरी हलेनात. तेवढ्यात रस्त्याला एक टेम्पो थांबला आणि लाल कोट उतरले. चिंचेपाशी त्यांच्यात बाचाबाची झाली. मोठा ढोल वाजवणारा आणि ट्रम्पेटवाला म्हणाले, आम्ही इथूनच परत जातो. मास्तर त्यांच्यावर ओरडले नाहीत. "कोट काढून ठेवा अन् जावा," एवढंच म्हणाले. मग क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि उरलेल्यांना घेऊन चिंच ओलांडून आत आले.

ढोलाशिवाय बँड म्हणजे मीठ नसलेला स्वयंपाक. सूर होते, पण पायाखाली जमीन नव्हती. ढोल तसाच चिंचेपाशी पडलेला होता. कुणीतरी कळवळून म्हणालं, "अप्पा, तुमी घ्या की ढोल. तुमच्यावाणी हात कुणाचा हाय?" अप्पा दारात बाजेवर बसलेले होते, पांढरा सदरा, हातात काठी. "न्हाई," अप्पा म्हणाले. "मी सोडलंय ते सोडलंय. तरणा होतो तवा उभा ऱ्हाऊन वाजवलो, गाववाले बसून ऐकले. आज मी बसून ऐकायलोय." आणि त्यांनी मास्तरांकडे बघून हाताने खूण केली, चालू दे. मास्तरांनी मान लववली. तसलं अर्धं-मुर्धं, लंगडतं वाजवणं मी आयुष्यात दुसरं ऐकलं नाही, आणि लोक त्यावर दिवेलागणीपर्यंत नाचले. लाउडस्पीकरवाला तारा गुंडाळून त्यांच्यातच घुसला.

भावजींनी लग्नाची हकीकत प्रकरणाच्या शेवटी जोडली आणि पुन्हा दोन्ही दारांत वाचायला निघाले. कौसल्याबाईंना ती हकीकत जरा जास्त गोड वाटली. "आला म्हणजे काय उपकार केला का?" त्या म्हणाल्या. "सुपारी दिली, वाजवलं. तसंच लिवा." भावजींनी तसंच लिहिलं. मास्तरांकडे मात्र तोवर बरंच काही घडून गेलं होतं. एका मोठ्या गावाने त्यांना बोलावणं बंद केलं होतं, ढोलवाला दुसऱ्या बँडात गेला होता. भावजींनी सगळं वाचलं आणि विचारलं, "आता सांगा मास्तर. ते आधीचं वाक्य काढू?" मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ते. काढलंत तर मी गेलो त्यात काय झालं, हे कुणाला कळंल?" भावजी उठायला लागले तसे पुन्हा म्हणाले, "अन् अण्णा, मोठा ढोल नव्हता हे ठळक लिवा. न्हाईतर लोक म्हणतील काशिनाथ बेताल वाजवला."

ते पुस्तक निघालं तेव्हा काही जाणत्यांनी नाकं मुरडली. बँडवाल्यांवर कसलं पुस्तक, असं एकाने लिहिलंही. पण आमच्या भागात ते हातोहात फिरलं. वाचता न येणारी माणसं ते दुसऱ्यांकडून वाचून घ्यायची, आणि भावजींना सगळ्यात समाधान त्याचंच वाटायचं. पुढे कॅसेटींचे दिवस आले. गुलबर्ग्याच्या दुकानांत 'कॅसेट भरून मिळेल' अशा पाट्या लागल्या, निंबर्ग्यासारख्या गावातली पोरीबाळी आपापल्या आवडीची गाणी एकामागे एक लिहून कॅसेट भरून घेऊ लागल्या. भावजी म्हणाले, वैनी, आता प्रत्येक जण आपापलं हॉटेल खिशात घेऊन हिंडणार. त्यावरचं तिसरं पुस्तकही त्यांनी त्याच रीतीने, दारोदार वाचून लिहिलं. मोठमोठ्या विषयांवर, कुणाला वाचून न दाखवता लिहिलेली पुष्कळ पुस्तकं मी वाचली आहेत, इंग्रजीतली आणि मराठीतली. ज्यांच्याविषयी ती लिहिलेली असतात ती माणसं समोर बसली असती तर त्यातली किती पानं उरली असती, हा विचार आता माझ्या मनातून जात नाही. भावजींनी माणसं समोर बसवली, आणि तरीही त्यांचं पान कधी खोटं झालं नाही. ते किती अवघड आहे, हे त्या बसमधल्या त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं आहे.

तेराव्याला पुष्कळ माणसं आली. कंडक्टर, हॉटेलमालकाचा मुलगा, कॅसेटवाले... काशिनाथ मास्तर आले. आता थकले आहेत, मिशी पांढरी झाली आहे, आणि आयुष्यभर कानाशी पितळ वाजल्यामुळे त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. कौसल्याबाई मंठाळहून आल्या होत्या. निघताना त्या म्हणाल्या, "अक्का, तुमी अण्णांवर लिवणार असाल. आमचं बी येईलच त्यात. मग?"

मग काय, गेल्या रविवारी मी दोघांनाही निरोप पाठवला. बाहेरच्या खोलीत भावजींची खाट अजून तशीच आहे. तिच्यावर मास्तर बसले, समोर सतरंजीवर बसू लागलेल्या कौसल्याबाईंना मी खुर्ची दिली, आजोबा दारात उभे राहिले, आणि मी हा लेख पहिल्यापासून वाचायला घेतला. आजोबांनी त्यांच्या नाचण्याचं वाक्य काढायला सांगितलं. मी कंस घातला आहे. तेवढ्यावर त्यांनी समजून घ्यावं. मास्तर कानामागे हात धरून माझ्या ओठांकडे बघत होते. ते वाक्य आलं, लाउडस्पीकरचं आणि बँडचं, तसा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "काय म्हणलात? ऐकू आलं न्हाई." मी मोठ्याने म्हटलं. त्यांनी पुन्हा नाही अशी मान हलवली. माझा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा, पण आता तोही म्हातारा झाला आहे.

कौसल्याबाई उठल्या. मास्तरांच्या शेजारी खाटेवर बसल्या, त्यांच्या कानाशी वाकल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कारण बँड तिथं जात नव्हता!"

"व्हय," मास्तर म्हणाले. "जात नव्हता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "थांबलात कामून, बाई? फुडं वाचा की."